घराकडचा कोपरा

ट्रकखाली उताण्या पडलेल्या भुजंग मिस्त्रीच्या कपाळावर तेलाचा थेंब टपकन पडला, आणि मिस्त्रीनं त्या गिअरबॉक्सच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मनातल्या मनात केला. वर ओट्यावर लेक उभी होती आणि दार जावयाचं होतं. नाहीतर सेलूत त्याच्या गॅरेजासमोरून बायाबापड्या कानावर पदर घेऊनच जातात.

"आबा, गळायलंय का अजून?" राजेश्रीनं वाकून विचारलं.

"न्हाई, अभिषेक चाललाय माझा," मिस्त्री म्हणाला. "तेवढी चिंधी दे इकडं."

तिनं चिंधी दिली. कपाळ पुसत मिस्त्री वर बघत राहिला. बघून बघून त्याचे डोळे आंबले, पण डोक्यात काही शिरेना.

तसं बघाल तर काम एवढंसं. जावई गोपाळच्या ट्रकच्या गिअरबॉक्सला बुडाशी एक पत्र्याचं झाकण आहे, चौफेर बोल्टांनी आवळलेलं. झाकण आणि गिअरबॉक्स यांच्या मधे पुठ्ठ्यासारखी एक पट्टी बसते. पुस्तकात तिला गॅस्केट म्हणत असतील, गॅरेजात तिला पॅकिंग म्हणतात. पॅकिंग कुजलं की तेल झिरपतं. जुनं खरवडून काढायचं, नवं बसवायचं, बोल्ट आवळायचे, झालं. "चहा निवायच्या आत करून देतो," असं मिस्त्री गिऱ्हाइकाला सांगायचा आणि द्यायचाही. आता त्याच कामानं त्याला तिसऱ्यांदा सेलूहून पोखर्णीला आणून पाठीवर पाडलं होतं. तेही जावयाच्या दारात! यापेक्षा मोठी फजिती आणखी काय असते?

पहिल्यांदा गळलं ते दिवाळीनंतर. गोपाळचा फोन आला, "मामा, तेल लय गळायलंय, गाडी तिकडं आणायची हिंमत होईना." मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन आला. पॅकिंग खरंच कुजलेलं होतं, हातात घेतलं तर चुरा झाला. आतलं जुनं तेल काजळीसारखं काळं झालेलं, ते त्यानं एका डब्यात उतरवून राजेश्रीला दिलं. "गोठ्याच्या मेढींना लाव, वाळवी जवळ यायची न्हाई." मग नवं पॅकिंग लावलं, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करत आवळले, आणि मधासारखं नवं तेल भरलं.

त्या दिवशी राजेश्री पूर्ण वेळ ट्रकपाशी उकिडवी बसून होती. त्यानं नुसता हात बाहेर काढला की हवा तोच पाना हातात येत होता. लहानपणी शाळेतून आली की दप्तर फेकून ती गॅरेजातच बसायची. मिस्त्रीची बायको कडूबाई ओरडायची, "पोरीच्या जातीला हे काळं काम कामून शिकवायलात?" मिस्त्रीला ते आठवलं आणि बरं वाटलं. काम झाल्यावर त्यानं पिशवीतून आपली पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि स्टँडचा रस्ता धरला.

बाटली कशाला, तर रिवाज. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अन्नाचं तर नावच नको. राजेश्रीच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. सात वर्षांत कडूबाईनं पोखर्णीत पाऊल ठेवलं ते तोंड बांधल्यासारखं, आणि सणाला लेकीलाच माहेरी बोलावून पोट भरून खाऊ घातलं. गेल्या आखाडात कडूबाई गेली. तेव्हापासून लेकीला माहेरी बोलवायचं कसं, हेच मिस्त्रीला कळत नव्हतं. तो स्वतःच खानावळीत जेवत होता. पोरीला बोलावून काय खानावळीत बसवायचं?

बरं, पहिलं काम झालं आणि आठवडा नाही उलटला तर परत फोन. या खेपेला राजेश्रीचा. "आबा, परत गळायलंय."

"अगं, कसं गळंल? मी लावलंय ते!"

"मी काय खोटं बोलायले का? खाली थारोळं हाय."

मिस्त्री आला. खरंच थारोळं होतं. झाकणाचा मागचा एक कोपरा, घराकडचा, ओला चिंब. त्यानं बोट लावून वास घेतला, गिअरचंच तेल. पण काळं! परवा-परवा भरलेलं मधासारखं तेल काळं कसं झालं? आत बेअरिंग जळतंय की काय म्हणून त्यानं बूड उघडलं, तर आतलं तेल स्वच्छ. आणि मापून बघितलं तर जेवढं भरलं होतं तेवढंच्या तेवढं. एवढं थारोळं बाहेर, आणि आत थेंबभर कमी नाही! मिस्त्री डोकं धरून बसला. गाय दूध देते आणि आटत नाही, तसला प्रकार.

शेजारचे भगवानराव, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, लुंगी सावरत आले. अशा माणसाला बोलवावं लागत नाही, बोनेट उघडलं की तो येतोच. "मिस्त्री, गाडी उतारावर उभी हाय. घराकडं उतार, म्हनून घराकडचा कोपरा गळतोय. गाडी उलटी लावा."

मिस्त्रीला पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. पॅकिंग बदललं, गोपाळनं गाडी फिरवून उलट्या तोंडानं लावली. मिस्त्रीनं बाटलीतलं पाणी प्यायलं आणि गेला. ओट्यावर उंबऱ्यापाशी एक पितळी तांब्या झाकण घालून ठेवलेला त्याला दिसला होता. तुळशीला असेल म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही.

आणि आता ही तिसरी खेप. गाडी उलटी, तर गळका कोपराही उलटा! आधी डावा मागचा गळत होता, आता उजवा पुढचा. म्हणजे परत घराकडचाच. वर गोपाळ सांगत होता, "मामा, गंगाखेडला माल उतरवला तवा मी स्वतः खाली वाकून बघितलं, कोरडी ठणठणीत. घरी आणून लावली की सकाळी वली."

"गरम असताना पॅकिंग फुगतं, गार झालं की आकसतं," मिस्त्री ठसक्यात म्हणाला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"मला तर वाटायलंय कुनाची तरी नजर हाय," गोपाळ म्हणाला. पुढं लिंबू-मिरची लटकतच होती, आता त्यानं गिअरबॉक्सच्या बाजूलाही एक बिब्बा बांधून ठेवला होता. मिस्त्रीनं तो बिब्बा बघितला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं, असेलही बाबा. माणूस गोंधळला की त्याची अक्कल अशी गहाण पडते.

पण मनातली खरी धास्ती वेगळीच होती. कडूबाई गेल्यापासून मिस्त्रीचा उजवा हात थरथरत होता. सारखा नाही, बारका नट धरला की. शटरची किल्ली हातात असून तो किल्ली शोधायचा. सेलूत कुणाला पत्ता नव्हता. पत्ता होता फक्त धम्मपालला, त्याच्या दोस्ताला, ज्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून तो पॅकिंग न्यायचा.

काल तिसरं पॅकिंग काउंटरवर ठेवत धम्मपाल म्हणाला होता, "वस्ताद, गळतंय काय तिथं, कारंजं हाय का?"

"चेष्टा नको करू धम्मा. माझा हात गेला."

"काय बोलायलास!"

"खरं बोलायलोय. बोल्ट सारखे आवळले जाईनात. कळंना मला आता. ह्या येळंला गळलं तर शटर खाली. लोकाच्या गाड्या रस्त्यावर पळतात, माणसं असतात त्यात. थरथरत्या हातानं ब्रेक जोडू का मी?"

धम्मपालनं थट्टा सोडली. म्हणाला, "मी पूर्णेला बारक्या लेकीकडं जातो ना, गेलो की जेवतो आन पंख्याखाली ताणून देतो. तू लेकीच्या दारात जाऊन बाटलीतलं पाणी पितोस. उपाशीपोटी कुनाचा हात थरथरणार न्हाई?"

"तुमच्यात तसलं काही न्हाई, तुमी सुटलात. आमच्या हिनं मरंपर्यंत पाळलं. ती गेली म्हनून मी मोडू?" मिस्त्रीनं पॅकिंग उचललं आणि विषय तोडला.

तर असं ते सगळं डोक्यात घेऊन मिस्त्री ट्रकखाली पडला होता. त्यानं झाकण खोललं. आतलं तेल स्वच्छ, माप भरपूर. जुनं पॅकिंग काढून उजेडात धरलं, त्याला कुठं चीर नाही, चिमटा नाही. दोन्ही बाजूंनी बोट फिरवलं. नव्यासारखं पॅकिंग! बोल्ट आठवून बघितले, सगळे एका ताकदीनं आवळलेले होते, खोलताना त्याच्या हाताला जाणवलं होतं. मग गळतं कुठून? हात खोटा बोलतोय का डोळे?

त्यानं तिसरं पॅकिंग लावलं. एकेक बोल्ट आवळताना श्वास धरला. थरथर आली की थांबला, परत धरला. राजेश्री पाने देत होती. तिनं ती थरथर बघितली की नाही, हे मिस्त्रीला कळलं नाही, त्यानं तिच्याकडं बघायचंच टाळलं.

बाहेर आल्यावर गोपाळ हळूच म्हणाला, "मामा, राग मानू नका. जिनिंगवाल्याच्या कापसाच्या गाठी न्यायच्यात, हंगाम चाललाय. ह्या पायी दोन खेपा दुसऱ्याच्या गाडीला गेल्या. आज न्हाई जमलं तर परभणीत दाखवून आणतो. तुमाला तरी उगा किती तरास."

जावई भला माणूस. शिवी दिली असती तर मिस्त्रीला एवढं लागलं नसतं.

"आज मीच बसतो हितं," मिस्त्री म्हणाला. त्यानं एक खोकं फाडून त्याचा पुठ्ठा झाकणाखाली अंथरला. "थेंब पडला तर ह्याच्यावर दिसंल. संध्याकाळपर्यंत कोरडं ऱ्हायलं तर सुटलो बाबा. परत पोखर्णीला यायचं कामच ऱ्हाणार न्हाई."

राजेश्री ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच राहिला. मिस्त्रीला ते दिसलं, पण त्याचं ध्यान पुठ्ठ्यावर होतं.

सकाळ गेली. मिस्त्री बाजेवर बसून पुठ्ठ्याकडं बघत होता. भगवानराव दोनदा वाकून गेले, "अजून न्हाई!" असं गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगून गेले. ऊन डोक्यावर आलं, पुठ्ठा कोरडा. मिस्त्रीच्या जिवात जीव आला. हात बघितला, तोही थांबल्यासारखा वाटला. घरातून पिठल्याचा वास यायला लागला, ठेचा रगडल्याचा वास आला, आणि पोटात कावळे ओरडायला लागले. लेकीच्या घरी पिठलं, आणि हा उठून सदरा झटकून म्हणतो, "मी स्टँडवर दोन घास खाऊन येतो. गोपाळराव, तुमी जेवून घ्या."

गोपाळ आत जेवायला बसला. मिस्त्री स्टँडवरच्या हॉटेलात गेला, तिथली कालची असावी अशी भाजी आणि दोन भाकरी गिळून आला.

आला तर पुठ्ठ्यावर तेल! टपटप नाही, चांगला हातभर डाग. झाकणाचा घराकडचा कोपरा परत चिंब.

मिस्त्री गुडघ्यावर बसला. बोट लावलं. काळं. आत्ता सकाळी त्यानं त्या गिअरबॉक्सात स्वच्छ तेल ओतलं होतं, आणि बाहेर काळं आलं होतं. त्याला काही म्हणजे काही कळेना.  मग उठला, पाने एकेक पुसले, कापडात गुंडाळले आणि ती पिशवी गोपाळसमोर ओट्यावर ठेवली.

"जावईबापू, हे तुमी ठेवा."

"मामा? आन् तुमाला?"

"मला काय करायचेत? हात गेला माझा. एक पॅकिंग बसंना. धम्मपालला सांगूनच आलोय, आज गळलं तर गॅरेज बंद. उद्या शटर वढतो." त्यानं पिशवी आणखी पुढं सरकवली. "लय चांगलं काम केलं मी, गोपाळराव. तीस वर्षं. कुनी एक बोट दाखवलं न्हाई. आता दाखवायच्या आत थांबलेलं बरं."

दारात राजेश्री उभी होती. तिच्या हातातली ताटली खाली पडली आणि गरगरत ओट्याच्या कडेपर्यंत गेली.

"आबा," ती म्हणाली. "पाने उचला."

"राजे, तू मधी पडू नको."

"उचला म्हनते ना!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की भगवानराव भिंतीवरून डोकावले. ती तरातरा गोठ्यात गेली आणि परत आली तेव्हा तिच्या हातात डबा होता. पहिल्या दिवशी मिस्त्रीनं दिलेला, काळ्या तेलाचा. डब्यात एक चिंधी काठीला गुंडाळून ठेवलेली होती. मेढींना लावायला दिलेलं तेल, आणि गोठ्याची एकही मेढ काळी झालेली नव्हती.

"तुमचा हात न्हाई गेला. मी लावलं. मागं बी मीच, आत्ता तुमी जेवायला गेलात तवा बी मीच."

 मिस्त्री डब्याकडं बघत होता, मग झाकणाकडं, मग परत डब्याकडं. काळं तेल. भरलेलं माप. घराकडचा कोपरा, जिथं ओट्यावरून उतरलं की तिचा हात पोचतो. एकेक करून सगळं जागेवर बसलं आणि तरी त्याला मुख्य गोष्ट कळली नाही.

"येडी का खुळी तू?" गोपाळ भडकला. "दोन खेपा गेल्या माझ्या! मी बिब्बा बांधला, नारळ फोडला!"

"कामून पण?" मिस्त्रीनं विचारलं. त्याचा जीव भांड्यात पडला होता, हात शाबूत होता, त्या आनंदानं त्याला हसू फुटत होतं आणि त्याच वेळी तो डबा उचलून फेकावासा वाटत होता. "अगं, माझी झोप उडवलीस तू! हाताकडं बघून रडलो मी रातीला. बापाची ही चेष्टा कामून केलीस?"

"चेष्टा?" राजेश्री म्हणाली. तेलाचे हात तिनं पदराला पुसले, तोंडाला पुसले, सगळीकडं काळं झालं. "फोन केला की तुमी पहिलं काय इचारता? 'काय काम होतं?' काम न्हाई म्हनलं की 'बरं, ठेव.' आई होती तवा वर्साला चारदा बोलवायची. ती गेल्यापासून एकदा तरी म्हनलात का, राजे, ये? आन् तुमी तर असं यायचे न्हाईत. मला पोरगं न्हाई, मग माझ्या घरचं पाणी चालत न्हाई. गाडी बिघडली तरच माझा बाप माझ्या दारात येतो. मग मी दुसरं काय बिघडवू?"

गोपाळनं पान्यांची पिशवी उचलून मिस्त्रीकडं सरकवली. भगवानराव भिंतीवरून खाली उतरले. एवढं शहाणपण त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच दाखवलं असेल.

"तुमी गॅरेज बंद करताव हे मला मालूम न्हवतं, आबा," ती हळू म्हणाली. "तुमच्या गळ्याची आण. मालूम असतं तर एक थेंब लावला नसता. कधीच आला नसतात तरी."

मिस्त्री खाली बसला, ओट्याच्या पायरीवर. घशाला कोरड पडली होती. त्यानं सवयीनं पिशवीतली बाटली काढली, झाकण फिरवलं आणि तोंडाला लावली. दोन घोट उरले होते. तोंडाला लागलेली बाटली त्यानं न पिताच खाली घेतली आणि उरलेलं पाणी अंगणात ओतून दिलं. 

"राजे, तहान लागलीय," तो म्हणाला.

ती हलली नाही. "आबा, पण अजून मला..."

"ते मला म्हाईत हाय. तुझ्या आईला काय सांगायचं ते मी सांगंन. पाणी दे."

तिला आत जावंच लागलं नाही. उंबऱ्यापाशी तोच पितळी तांब्या होता, झाकण घातलेला. तुळस अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होती आणि तिच्याजवळ तिचा वेगळा पत्र्याचा डबा होता, हे मिस्त्रीला आज दिसलं. तीनही खेपांना तो तांब्या भरून तिथंच ठेवलेला होता. राजेश्रीनं झाकण काढलं, तांब्या दोन्ही हातांनी पुढं धरला. त्याच्या पितळेवर तिची काळी बोटं उमटली.

मिस्त्रीनं तांब्या घेतला. हात थरथरला, थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं. पण त्यानं तोंड लावून सगळं प्यायलं, श्वास घ्यायलाही थांबला नाही. मग रिकामा तांब्या तिच्यासमोर धरला.

"अजून आण," तो म्हणाला. "आन् ते पिठलं उरलं असंल तर वाढ."